विमानातलं अर्धं अंडं

वर्ध्याकडच्या नाचणगावच्या श्रावण थूलने आयुष्यात एकदाच विमानप्रवास केला, १९५८ सालच्या मे महिन्यात. मुंबईहून कैरो आणि कैरोहून जिनिव्हा. पुढे गावात कोणी विचारलं की बाबा, विमान कसं असतं, तर तो इंजिनांच्या आवाजाबद्दल किंवा ढगांबद्दल फारसं बोलत नसे. जेवणाबद्दल बोलत असे. ते कशासाठी, हे कळायचं तर सुरुवात त्याच्या घरापासून करावी लागेल.

घरात एकच माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा इकडून तिकडे फेकायचा. आजोबापासून चालत आलेलं काम. पंचे विणायचे, लुगडी विणायची आणि थंडीच्या तोंडाला पांघरायच्या पासोड्या. पण नुसत्या मागावर घर भागत नसे. म्हणून श्रावणचा बाप कवडू गावाची पडतील ती कामं करी. निरोप पोचवणं, साहेब आला की त्याचं बिऱ्हाड डोक्यावर घेणं, मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेणं. त्याबदल्यात दिवस कलला की टोपली घेऊन घरोघर भाकर मागायला जाणं, हाही त्या कामाचाच भाग होता.

टोपली घरी आली की श्रावणची आई तानाबाई ती फडक्यावर ओती आणि तुकडे निवडी. सात-आठ वर्षांचा श्रावण शेजारी बसून कोणता तुकडा कुठल्या घरचा ते सांगे. पाटलाची भाकर जाड आणि कडेला करपलेली. मारवाड्याच्या पोळीला तूप, पण ती नेहमी परवाची. मास्तरांकडचा भात आंबूस. त्याचा अंदाज क्वचित चुके. भाकरीच्या कडेला दातांची खूण दिसली की आई तेवढा भाग मोडून बाजूला टाकी.

एकदा त्याने विचारलं होतं, "माय, याचं बाकीचं अर्धं कुठी हाय?"

"ज्याची भाकर त्याच्या पोटात," तानाबाई म्हणाली होती. "आपल्या वाट्याले उरलं ते."

छप्पन साली दसऱ्याला नाचणगाव-पुलगावची सारी वस्ती नागपूरला गेली. जागा मिळेल त्या गाडीने, आणि काही जण पायी. श्रावण तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता आणि कवडू जाऊन दहा वर्षं झाली होती. दीक्षा घेऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी श्रावणने बापाची टोपली आढ्यावरून काढली, मोडली आणि अंगणातल्या चुलीत घातली. त्या जाळावर पंचफुलाने, त्याच्या बायकोने, चहा केला आणि वस्तीतल्या माणसांनी तो उभ्या उभ्या घेतला. तिथेच ठरलं. आजपासून कोणाचं उरलेलं खायचं नाही, आणि कोणापुढे मागायचं नाही. ठरवलं सगळ्यांनी, पण बोलून दाखवलं श्रावणने, त्यामुळे ते पाळून घ्यायचं कामही त्याच्याच अंगावर आलं.

ते सोपं नव्हतं. पुढच्या वर्षी गावात एक मोठं लग्न झालं. श्रावणचा चुलता रामाजी सत्तरीचा होता, दात गेलेले, गोडाचा भारी शौकीन. मांडव उठल्यावर तो कागदात चार बुंदीचे लाडू बांधून घेऊन आला. श्रावणने भर वस्तीत त्याला अडवलं.

"काका, वापस देऊन ये."

"काऊन? लाडू हाय लेका, ढोर नाई."

"उरलेलं हाय. ठरलं तुह्यासमोरच ना?"

रामाजीने लाडू परत नेऊन दिले. आल्यावर ओट्यावर बसला, हात झटकले आणि म्हणाला, "तुह्यं पोट भरेल हाय म्हून तुले तोंड फुटते. तुह्यावर येळ येईन तवा पाहू." त्या दिवसापासून तो श्रावणशी बोलायचा बंद झाला. पंचफुलाशी बोले, तानाबाईशी बोले, पण श्रावण आला की चिलमीत तोंड घाली. श्रावणला ते लागलं होतं. लाडवांचं काही नाही, पण म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं असं त्याला मागाहून वाटलं. तरी ठराव ठरावच होता.

आता परदेशाचं. पासोडी दोन पट्ट्यांची असते. घरचा माग अरुंद, म्हणून अर्ध्या रुंदीच्या दोन पट्ट्या विणायच्या आणि मधोमध शिवायच्या. चौकड्याची पासोडी असली की शिवणीवर चौकडे पुढे-मागे होतात, ते सगळ्यांचेच होतात. श्रावणचे होत नसत. पहिली पट्टी गुंडाळून ठेवून दुसरी तो आठ दिवसांनी विणे, तरी शिवल्यावर प्रत्येक चौकडा समोरच्या चौकड्याला बरोबर भेटे. हातमाग खात्याचे निरीक्षक मधुकरराव देशमुख हे आर्वीचे. वर्ध्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी पासोडी उलटसुलट करून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि विणणाऱ्याचं नाव लिहून घेतलं. स्वित्झर्लंडात हातकामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथे माग लावून दाखवायला माणूस हवा होता. सहा महिन्यांनी सरकारी कागद आला. मधुकरराव सोबत जाणार होते.

निघताना तानाबाईने त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. तिला आताशा नीट दिसत नसे.

"लांब चालला. तठी वळखीचं कोनी नाई, पाहणारं कोनी नाई," ती म्हणाली. "तरी कोनाचं उरलेलं खाऊ नोको बापा. आन् मांगू नोको."

"नाई माय."

रामाजी समोरच्या ओट्यावर होता. त्याने मान वर केली नाही.

पंचफुलाने तिखट-मिठाच्या दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली होती. ती शिदोरी मुंबईपर्यंत आणि वर दोन दिवस पुरली. पण विमान दोन दिवस उशिरा निघालं, आणि ज्या पहाटे ते विमानतळावर गेले त्या पहाटे फडक्यात नुसते चटणीचे डाग होते. आदल्या संध्याकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं.

"काही फिकीर नाही थूल," मधुकरराव म्हणाले. "विमानात चांगलं खाऊ घालतात म्हणे. बसल्या जागी. आपण फक्त तोंड उघडायचं."

मधुकररावांचाही तो पहिलाच विमानप्रवास होता, पण त्यांनी माहिती मिळवून ठेवली होती.

विमान वर गेलं, कान दडपले, मग सुटले. तासाभराने निळ्या कोटातली एक मुलगी आली. तिने प्रत्येकाच्या मांडीवर एक उशी ठेवली आणि उशीवर एक ताट. श्रावणने ताटाकडे पाहिलं आणि त्याचे हात जिथल्या तिथे राहिले.

ताटात एक उकडलेलं अंडं होतं, अर्धं. पावाचा तिकोनी तुकडा. लोण्याचा अंगठ्याएवढा तुकडा. चमचाभर मुरंबा. आणि संत्र्यासारखं पण मोठं, फिकट असं एक फळ, आडवं कापून अर्धंच ठेवलेलं. संत्र्याच्या मुलखातला माणूस संत्रं कधी कापत नाही, सोलतो. कापलेलं अर्धं फळ म्हणजे बाकीचं अर्धं कोणीतरी आधी नेलेलं. सगळं गार होतं. सगळं थोडं थोडं होतं, एकाला दुसऱ्याचा मेळ नव्हता. जणू पाच घरचं.

श्रावणला त्या क्षणी कसलीच शंका राहिली नाही. हे तुकडे कसे दिसतात ते त्याला चांगलं माहीत होतं. त्याने ताट दोन्ही हातांनी उचलून मुलीपुढे धरलं. "नाई."

मधुकररावांच्या तोंडात घास होता. "काहो थूल, खाऊन नाही राहिले?"

"भूक नाई जी."

"रात्रीपासून पोटात काही नाही अन् भूक नाही? भेव लागून राहिलं काय? खाली पाहू नका."

"भेव नाई."

"मग ते फळ तरी इकडे द्या. आर्वीच्या माणसाले संत्रं सोडवत नाही, परदेशी असलं तरी." त्यांनी मुलीच्या हातातल्या ताटातून ते अर्धं फळ उचललं, एक चमचा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे हो! याच्यापेक्षा आपलं मृग बहाराचं संत्रं काय वाईट?"

श्रावण पाहत राहिला. मधुकररावांच्या ताटातही तेच होतं. पलीकडे कोट-टाय लावलेला गोरा म्हातारा होता, त्याच्याही ताटात. पुढची मोत्यांची माळ घातलेली बाई काट्याने अर्धं अंडं नाजूकपणे खात होती. श्रावणला वाटलं, म्हणजे कुठेतरी मोठी पंगत झाली आहे आणि तिथलं राहिलेलं या सगळ्यांना वाटून राहिले. आणि यांना ते कळत नाही! कळणार कसं? ज्याने उष्टं कधी खाल्लंच नाही, त्याला ते ओळखू येत नाही. एवढ्या माणसांत ओळखणारा तो एकटाच होता.

त्याला त्या सगळ्यांची थोडी कीव आली. मधुकररावांना सांगावं असंही वाटलं. पण ते चवीने मुरंबा चाटत होते, आणि भल्या माणसाच्या तोंडातला घास कडू करणं त्याला बरं वाटेना.

विमान समुद्रावरून चाललं. सूर्य जणू एकाच जागी खिळला होता. मधुकरराव म्हणाले, आपण सूर्याच्या बरोबरीने पळून राहिलो म्हणून दिवस लांबला. श्रावण मनात म्हणाला, दिवस लांबला की भूकही लांबते. कनपटीत ठणका लागला होता. परवापासून रोज माग चालवून दाखवायचा होता, आणि उपाशी माणसाचा पाय पावडीवर सारखा पडत नाही. पाय चुकला की ताणा सैल होतो आणि चौकडा हलतो. त्याला चौकड्याची काळजी होती, पण ठराव मोडण्याची त्याहून जास्त. रामाजी दिसत होता, हात झटकताना. येळ येईन तवा पाहू. आली होती वेळ, आणि पाहायला कोणी नव्हतं, म्हणूनच ती खरी होती.

दुपारचं जेवण आलं तेव्हा मधुकररावांनी त्याला बोलू दिलं नाही. "राहू द्या ताट. नाही खाल्लं तर नाही. पाहता पाहता भूक लागते." मुलीने उशी ठेवली, ताट ठेवलं आणि ती पुढे गेली.

कोंबडीचा एक तुकडा. एक उकडलेला बटाटा, चिरून अर्धा. कोवळे वाटाणे. पाव. पाकातलं पिवळं फळ, अर्धं. आणि पुन्हा अर्धं अंडं.

श्रावणला खायचं नव्हतं, पण पाहायला काही ठराव आड येत नव्हता. तो पाहत बसला, आणि त्याचा विणकराचा डोळा आपलं काम करू लागला. अंडं सरळ कापलेलं नव्हतं. सुरी जरा तिरकी गेली होती. आतलं पिवळं मधोमध नव्हतं, डाव्या अंगाला सरकलेलं होतं, आणि कडेला पांढऱ्यात एक बारीक खाच पडली होती. त्याने सहज शेजारी पाहिलं. मधुकररावांनी अंडं अजून खाल्लं नव्हतं. त्याचा कापही तिरका होता, उलट्या बाजूने. पिवळं उजव्या अंगाला सरकलेलं. आणि कडेला तेवढीच बारीक खाच.

त्याने बटाटा पाहिला. बटाट्याच्या सालीवर एक काळा डोळा होता, सुरीने मधोमध दुभंगलेला. अर्धा डोळा त्याच्या ताटात होता, अर्धा मधुकररावांच्या.

पासोडीच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवाव्यात तसं ते होतं. शिवायचीच काय ती बाकी.

मग त्याने मान उंच करून पुढची रांग पाहिली. बटाट्याच्या दोन फोडी, अंड्याच्या दोन, फळाच्या दोन, जोडीजोडीने. वाटाणे सगळीकडे तेवढेच. उरलेलं कधी सारखं नसतं. हे त्याच्याइतकं त्या विमानात कोणालाच माहीत नव्हतं. टोपलीत दोन तुकडे एकसारखे कधी निघाले नव्हते, एका घरचे असले तरी. आणि इथे तर चौकड्यामागून चौकडा यावा तशा रांगा होत्या.

लहानपणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पस्तीस वर्षांनी शेजारच्या ताटात होतं. बाकीचं अर्धं कोणाच्या पोटात गेलं नव्हतं. ते शेजाऱ्याला वाढलं होतं.

एवढं सगळं मनात बसायला वेळ लागतो. श्रावण हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मधुकररावांचं खाऊन झालं, त्यांनी डोळे मिटले. मुलगी ताटं गोळा करत मागून आली. हा माणूस सकाळीही काही खात नव्हता हे तिच्या लक्षात होतं. तिने हलक्या हाताने त्याच्या मांडीवरचं ताट उचललं आणि ती गेली.

श्रावणचा हात वर आला आणि तिथेच थांबला. "द्या" हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही.

थोड्या वेळाने मधुकररावांनी डोळे उघडले. "खाल्लं काय?"

"नाई जी. खाणार होतो. तवर नेलं."

"खाणार होते? मग हाक मारायची! ते पाहा वर बटन. दाबा, ती येईल, मागा तिले."

"मी मांगत नसतो साहेब."

"अहो, हे काही मागणं नाही. तिकिटात धरलेलं आहे ते."

"तिकिटात असन जी. पण तोंडानं तर मांगाच लागन."

मधुकररावांनी कपाळावर हात मारला. "लग्नात रुसलेला नवरदेव पाहिला होता मी. विमानात पाहिला नव्हता." आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

मुलगी आली. तिने पाहिलं की विषय खिडकीकडच्या माणसाचा आहे. ती खाली वाकली, इतकी की तिचं तोंड श्रावणच्या तोंडासमोर आलं. "आपने दोनों बार कुछ नहीं लिया," ती म्हणाली. "आप क्या खाएँगे?"

घरात आई विचारी, बायको विचारी. बाहेरच्या कोणी, उभं असताना वाकून, तू काय खाणार असं श्रावणला कधी विचारलं नव्हतं. टोपली घेऊन आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

"जो सबको दिया, वही," तो म्हणाला.

"वो तो अब बंद हो गया। रुकिए, मैं देखती हूँ।"

ती मागे गेली आणि बऱ्याच वेळाने एक बशी घेऊन आली. मनापासून लावलेली होती. पावाच्या दोन कडा, कोंबडीची पंखाकडची बाजू, कोपरा गेलेला केकचा तुकडा, एका वाटीत तळाचे वाटाणे. "जो बचा था, आपके लिए ले आई," ती हसून म्हणाली.

बशीचा वास आला आणि श्रावणच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने ते गिळलं. आता त्याला फरक दिसत होता, दिवसाउजेडी दिसत होता. सकाळी त्याने जे नाकारलं ते उरलेलं नव्हतं. हे होतं. आणि ते देणारी मुलगी वाईट नव्हती, उलट त्या दिवसातलं सर्वांत चांगलं माणूस होती. त्यामुळे नाही म्हणणं सकाळपेक्षा फार जड गेलं.

त्याने हात जोडले. "बाई, गुस्सा मत करना। बचा हुआ मैं नहीं खाता। सबके साथ मिलेगा, तब खाऊँगा।"

मुलगी गोंधळली. "काहिरा के बाद मिलेगा। चार-पाँच घंटे हैं।"

"रहूँगा।"

ती बशी घेऊन गेली. मधुकरराव आता खरोखर चिडले होते. "हद्द झाली बुवा! समोरचं ताट परत करता, अन् बिचारीनं शोधून आणलं तर त्याच्यात खोट काढता. काय समजता काय तुम्ही स्वतःले?"

श्रावणने मग सांगितलं. आवाज न चढवता, मागावर बसून सांगावं तसं. टोपली, तुकडे, कुठल्या घरची भाकर कशी, दातांची खूण. वस्तीतला ठराव, रामाजीचे लाडू. सकाळी ताट पाहून काय वाटलं ते, आणि दुपारी अंड्याच्या दोन फाकांत काय दिसलं ते.

"सकाळी मीच चुकलो जी," तो शेवटी म्हणाला. "पन आता नाई चुकलो."

मधुकरराव त्याच्याकडे वळून बसले.

"आमच्या घरी यायचा एक जण," ते म्हणाले. "टोपली घेऊन. आजी वरून टाकायची. मी पाहायचो ओसरीतून."

"काय नाव होतं जी त्याचं?"

मधुकररावांनी आठवून पाहिलं. कपाळाला आठी घातली, पुन्हा आठवलं. "नाव..." ते म्हणाले आणि मान वळवून पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहू लागले. मग त्यांनी पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली, त्यांच्या बायकोने प्रवासासाठी दिलेली, दोऱ्याने बांधलेली, न फोडलेली. ती त्यांनी श्रावणच्या हातात दिली.

"फोडा. मीही अजून तोंड नाही लावलं. दोघं खाऊ."

श्रावणने दोरा सोडला, पुडी दोघांच्या मधे हातावर धरली, आणि आर्वीचे फुटाणे खात दोघे कैरोला उतरले.

कैरोला ऊन पुलगावसारखंच होतं. विमानात पेट्या चढत होत्या. श्रावण जिन्याशी थांबून पाहत होता. एका माणसाने पेटीचं झाकण उघडून तपासलं तेव्हा आत ताटावर ताट रचलेलं दिसलं, एकसारखं, कागदाने झाकलेलं. चढताना त्याचा पाय हलका पडत होता.

विमान पुन्हा समुद्रावर आल्यावर उशी आली आणि ताट आलं. मासा होता, भात होता, पाव-लोणी होतं, अर्धा टमाटा होता. श्रावणने शेजारी पाहिलं. मधुकररावांनी आपलं ताट त्याच्याकडे थोडं कलतं केलं. टमाट्याच्या बिया जुळत होत्या.

"हाय," श्रावण म्हणाला.

"मग करा सुरू."

काटा-सुरी त्याने बाजूला ठेवली आणि हाताने जेवला. मासा खाल्ला, भात खाल्ला, टमाटा खाल्ला. लोणी पावाला पुरून उरलं, तेही नुसतंच खाल्लं. मधुकरराव म्हणाले, लोणी राहू द्या, पोटाले बाधेल. श्रावणने मान हलवली. ताटात काही टाकलं तर ते कोणाच्या तरी टोपलीत जाईल, हे त्याला करायचं नव्हतं. ताट घासल्यासारखं स्वच्छ झालं. मुलगी ते न्यायला आली, तिने ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ती खळखळून हसली.

"और लाऊँ?"

"बस बाई. पोट भरलं."

ती मराठी नव्हती, पण तेवढं तिला कळलं.

जिनिव्हापासून जवळच्या एका गावी तीन आठवडे प्रदर्शन चाललं. श्रावणने लाकडी चौथऱ्यावर माग लावला, दोन पट्ट्या विणल्या आणि शेवटच्या दिवशी लोकांसमोर शिवल्या. बायका येऊन शिवणीवरून बोट फिरवत आणि शिवण कुठे आहे असं एकमेकींना विचारत. ती पासोडी तिथेच राहिली. परतीच्या विमानातली सगळी जेवणं श्रावणने वेळच्या वेळी जेवली. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

नाचणगावला तो सकाळच्या वेळी पोचला. वस्ती अंगणात जमली. पंचफुलाने पाणी दिलं. मधुकररावांनी त्याला एक गळपट्टा घेऊन दिला होता, तो सगळ्यांनी हाताळून पाहिला. तानाबाई खाटेवर बसली होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो देशाचा नव्हता.

"इमानात खायले काय देलं?"

श्रावणने सांगितलं. मासा, भात, कोंबडी, अंडं.

"कोनाच्या घरचं?"

"कोनाच्याच घरचं नाई माय. सगळ्यायले एकाच हातानं."

"उरलेलं तं नाई?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. पहिलं ताट परत केल्याचं, उपाशी राहिल्याचं, आणि अर्ध्या अंड्याचं. बायका हसल्या, दोघी-तिघींनी डोळे पुसले. रामाजी ओट्यावर चिलीम विझवून बसला होता. तो उठला आणि काठी टेकत श्रावणसमोर आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"म्हंजे तू उपाशी राह्यला?"

"सांजपासून दुसऱ्या दिवसाच्या सांजलोक काका."

"आन् कोनी पाहून नोयतं राह्यलं?"

"कोनीच नाई."

रामाजीने ते तोंडातल्या तोंडात घोळवलं. "मी असतो तं खाल्लं असतं," तो म्हणाला. सगळे हसले, आणि तोही बोळक्या तोंडाने हसला.

"काका, त्या दिवशी मी चारचौघात बोललो," श्रावण म्हणाला. "घरी येऊन बोलाले पायजे होतं."

"मंग? लाडू तं गेलेच ना!" रामाजी खाटेच्या कडेला टेकला. "ते अंड्याचं दाखव मले. दोन अर्धे जुळतात कसे ते. तोंडच्या गोष्टीवर माह्या इस्वास नाई."

पंचफुलाच्या कोंबड्या होत्या. तिने एक अंडं उकडून आणलं. सुरी नव्हती, तेव्हा श्रावणने मागावरचा दोरा तोडला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि अंड्यात उतरवला. दोरा जरा तिरका गेला. त्याने एक अर्धं रामाजीच्या तळहातावर ठेवलं आणि एक स्वतःच्या.

रामाजीने आपलं अर्धं डोळ्याजवळ नेलं, मग श्रावणचं. दोन्ही एकमेकांना लावून पाहिली, उघडली, पुन्हा लावली.

"जुळते," तो म्हणाला. मग त्याने चटकन दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल केली. "तुह्याकडं पिवळं जास्त आलतं."